एकच सिम्फनी, अनेक ध्वनिमुद्रणे

महोदय,
बेथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीची ध्वनिमुद्रणे जमवणाऱ्यांनी मुखपृष्ठ नव्हे, मुद्रणाचे वर्ष आणि वाद्यवृंद पाहावा. जर्मन वाद्यवृंद-संचालक फुर्टव्हेंगलरचीच 1937, 1943, 1947, 1954 अशी वेगवेगळी मुद्रणे आहेत. वर्ष न पाहिल्यास एकच मुद्रण नव्या वेष्टनात दोनदा घरी येते.

नुसती मिनिटे मोजून वेग ठरवू नये. पहिल्या भागातील 124 मात्राखंडांची (स्वरलिपीतील ‘बार’) पुनरावृत्ती गाळली की सव्वा-दीड मिनिट सहज वाचते, आणि संथ वादनही जलद भासते. खरी कसोटी 303व्या मात्राखंडाची. तिथली ललकारी बेथोव्हनने ‘बसून’ या लाकडी सुषिरवाद्यांना दिली, कारण त्या काळच्या ई-फ्लॅट हॉर्नवर (पितळी सुषिरवाद्यावर) ती नीट वाजत नसे. पुढे अनेक संचालकांनी ती हॉर्नकडे सोपवली. बसूनचा तो काहीसा खरखरीत स्वर ऐकायलाच हवा!

मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून केलेल्या प्रतींचे सूर पियानोशी ताडून पाहावेत. वेग सहा टक्क्यांनी वाढला तरी सूर अर्ध्या स्वराने चढतो. सुरुवातीला तीनच घ्यावीत: निकिश (1913), फुर्टव्हेंगलर (1947) आणि कार्लोस क्लायबर-व्हिएन्ना फिलहार्मोनिक. निकिशच्या मुद्रणात मायक्रोफोनपूर्व काळातील ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यापुढे बसवलेला छोटा वाद्यवृंद आहे, तेव्हा खर्जाची अपेक्षा ठेवू नये.

— एक संग्राहक, पुणे