फिल्टरच्या कडेतून वाळू शिरली, वॉरंटी मात्र माझी नाकारली

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: फोर बाय फोर पिकअपचे इंजिन धुळीने खराब झाल्यावर वॉरंटी नाकारल्याबाबत

महोदय,

मी भडगाव तालुक्यातला केळी उत्पादक. माझी निम्मी बाग गिरणा नदीच्या पलीकडे आहे. पुलावरून जायचे तर मोठा वळसा पडतो, म्हणून पात्र कोरडे पडले की आम्ही सगळे पात्रातूनच ये-जा करतो. चारही चाकांनी ओढणारी तुमची ही फोर बाय फोर पिकअप दोन वर्षांपूर्वी घेतली ती एवढ्यासाठीच. विक्रेत्याने ती वाळूत चालवून दाखवली होती.

31,000 किलोमीटरला गाडी ऑइल खाऊ लागली. सकाळी स्टार्ट केली की निळा धूर, आणि चढावर ओढ नाही. सर्व्हिस सेंटरने इंजिन उघडले. पिस्टन ज्यात वरखाली होतो ते लायनर घासले, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिनात जोराने हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजल्या. कागदावर लिहून दिले: ‘इंजिनात धूळ गेली, ग्राहकाचा निष्काळजीपणा.’ खर्च सांगितला 1 लाख 40 हजार. वर तिथल्या एका साहेबांनी विचारले, “वाळूचा धंदा करता का?” ते शब्द मला फार लागले. मी केळी पिकवतो.

धूळ गेली हे मलाही मान्य आहे. ती कुठून गेली, ते कोणी बघायला तयार नाही.

एअर फिल्टरचा डबा माझ्यासमोर उघडला होता. फिल्टरचा कागद बाहेरून मळलेला आणि आतून पांढरा होता, म्हणजे कागदाने आपले काम केले होते. पण डब्याच्या एका कोपऱ्यात रबराच्या कडेवरून बारीक भुरकट धुळीचा पट्टा निघून थेट टर्बोच्या पाइपात गेलेला होता. मी बोटावर घेऊन चोळली, कचकच लागली. त्याच कोपऱ्यातली क्लिप धरत नव्हती, झाकणाची खाच तुटलेली होती. हा फिल्टर 20,000 च्या सर्व्हिसला तुमच्याच सेंटरने बदलला. पुढे दोनदा साफ केला तोही तिथेच. पावत्या सोबत जोडल्या आहेत. मी घरी डबा कधीच उघडला नाही, कारण जोराच्या हवेने फिल्टरचा कागद फाटतो हे मला माहीत आहे.

वाळूतले गारेचे कण लोखंडाला ओरखडे काढतात. डोळ्यांना न दिसणारी धूळ ऑइलमध्ये मिसळली की तिचा खरखरीत लगदा तयार होतो आणि प्रत्येक फेऱ्याला लायनर घासतो. अशा वेळी कागद कितीही चांगला असू द्या, कडेला फट राहिली तर हवा कागदातून जायचे कष्ट घेत नाही, फटीतूनच जाते. आमच्या जुन्या ट्रॅक्टरला हवा तेलातून गाळणारा ऑइल बाथ क्लीनर आहे आणि वर जाड धूळ आधीच अडवणारी प्री-क्लीनरची वाटी. पात्रात काम असले की मुलगा रोज संध्याकाळी ती ओततो, मूठभर फुफाटा निघतो. त्या ट्रॅक्टरचे इंजिन अजून एकदाही उघडलेले नाही. वाळूत चालणारी म्हणून विकलेल्या तुमच्या गाडीला अशी वाटी नाही, आणि हवा ओढायचे तोंड पुढच्या चाकाच्या वर, धूळ उडते तिथेच.

सर्व्हिस पुस्तिकेत ‘धुळीच्या भागात फिल्टर लवकर बदला’ एवढेच आहे. किती लवकर, ते नाही. तरी मी पुढच्या ट्रॅक्टरचा फुफाटा खाली बसेपर्यंत थांबतो, मगच गाडी पात्रात घालतो. याला निष्काळजीपणा म्हणता?

माझी मागणी अशी. इंजिनची आणि टर्बोची दुरुस्ती कंपनीच्या खर्चाने व्हावी. डब्याच्या त्या कोपऱ्याचा फोटो असलेला तपासणी अहवाल लेखी द्यावा. काढलेले लायनर, रिंगा, फिल्टर आणि झाकण भंगारात न टाकता जपून ठेवावे, ते पुरावा आहेत. आमच्या भागातल्या याच मॉडेलच्या बाकी गाड्यांची झाकणेही तपासावी, त्यांच्या मालकांना अजून काहीच कल्पना नसेल.

केळीची कापणी सुरू आहे आणि तयार घड कोणासाठी थांबत नाही. दीड महिन्यापासून मी भाड्याच्या गाडीने माल काढतोय. 30 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते, हे मी विचारून घेतले आहे.

आपला,
एक ग्राहक, तालुका भडगाव, जिल्हा जळगाव

सोबत: सर्व्हिसच्या पावत्या, वॉरंटी नाकारल्याचे पत्र, फिल्टरच्या डब्याचे फोटो