डोंगरातलं घर कुलूप लावायला घेऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या जो तो डोंगरात घर बघतोय. जाहिराती वाचल्या की वाटतं तिकडे नुसतं धुकं आणि गॅलरीतली खुर्ची एवढंच असतं, म्हणून हे पत्र. मी स्वतः डोंगरातल्या एका छोट्या गावात वर्षभर भाड्याने राहिलोय आणि खोटं कशाला बोलू, मजा आहे. दर हजार मीटर वर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे खाली लोक घामाने निथळत असतात तेव्हा वर आपण पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसलेलो असतो. (दोन हजार मीटरवर पाणी 93 अंशांनाच उकळतं, डाळ-भात शिजायला वेळ लागतो, तेव्हा कुकर न्यायला विसरू नका.) पण खरी गोडी हवेची नाही हो, माणसांची आहे. महिन्याभरात मेडिकलवाला, वायरमन, पोस्टमन सगळे नावाने हाक मारायला लागतात आणि दोन दिवस दिसला नाहीत तर कोणीतरी दार वाजवून बघून जातं, शहरात इतकी वर्षं राहून माझं दार असं कोणी वाजवलं नव्हतं.

आता दुसरी बाजू. सीझन संपल्यावर एका संध्याकाळी फिरायला निघालो तर आमच्या रस्त्यावर तेवीस घरं, त्यातल्या सहा घरांत दिवे. बाकी सगळी बाहेरच्यांनी इन्व्हेस्टमेंट म्हणून घेऊन ठेवलेली, बंद. बंद घरांना औषध लागत नाही, बस लागत नाही, शाळा लागत नाही, मग हळूहळू दुकान लवकर बंद व्हायला लागतं, बसची फेरी कमी होते, आणि ज्या गावावर भाळून आपण पैसे टाकले ते गावच उरत नाही. हे नुसतं माझं रडगाणं नाही. स्वित्झर्लंडमध्ये 11 मार्च 2012 ला लोकांनी मतदान करून ठरवलं की कुठल्याही गावात वरकड घरं, म्हणजे सेकंड होम, 20 टक्क्यांच्या वर नकोत, आणि ते अगदी काठावर का होईना पण पास झालं. कॅनडातल्या बॅन्फमध्ये तर तिथे राहायचं ठोस कारण, म्हणजे नोकरी किंवा धंदा, असल्याशिवाय राहताच येत नाही आणि जमीनही लीजवर मिळते, मालकीची नाही. ही मंडळी वेडी आहेत का?

गुंतवणूक म्हणाल तर अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेनकडे बघा. चांदीच्या खाणींवर फुललेलं गाव, 1893 मध्ये सरकारने चांदीची खरेदी थांबवली आणि गाव बसलं ते असं की 1930 पर्यंत वस्ती हजाराच्याही आत आली. पुढे 1947 मध्ये स्कीची लिफ्ट सुरू झाली आणि आज ते जगातल्या महागड्या गावांत मोडतं, पण तिथे काम करणारे बरेचसे लोक रोज दरीतून लांबून ये-जा करतात कारण गावात घर परवडत नाही. लोक फक्त दुसरा अर्धा भाग सांगतात, मधली पन्नास वर्षं कोणी सांगत नाही. छोटं गाव एकाच धंद्यावर उभं असतं, तो धंदा लंगडला की घर विकायला काढून वर्षानुवर्षं बसावं लागतं. भाड्याचं पण तसंच, एजंट सीझनचा आकडा घेऊन बारा महिन्यांनी गुणतो आणि आपण मान डोलावतो, पण उरलेल्या महिन्यांत घर रिकामं असतं, ओल धरते, लाकूड फुगतं, छपराला काहीतरी होतं आणि केअरटेकरचा पगार चालूच असतो.

आणि उताराची जमीन म्हणजे सपाट प्लॉट नव्हे. उत्तराखंडातलं जोशीमठ आठवतंय ना, जानेवारी 2023 मध्ये शेकडो घरांना भेगा पडल्या. ते गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, इथे जड बांधकाम आवरा असं मिश्रा समितीने 1976 लाच सांगून ठेवलं होतं. तेव्हा व्ह्यू नंतर बघा, आधी मागची भिंत बघा, रिटेनिंग वॉलमध्ये, म्हणजे उताराची माती अडवणाऱ्या त्या भिंतीत, पाणी बाहेर पडायला भोकं ठेवलीयत का आणि त्यातून खरंच पाणी पडतं का, भिंतीला पोट सुटलंय का, झाडं एका बाजूला कललीयत का. वरच्या घराचं सांडपाणी कुठे जातं, उन्हाळ्यात पाणी झऱ्याचं की टँकरचं, रात्री दोनला छातीत दुखलं तर दवाखाना किती लांब, रस्ता बंद झाला तर दुसरी वाट आहे का, हे सगळं एजंटला नाही, शेजाऱ्याला विचारायचं. आता तुम्ही म्हणाल एवढं कोण बघतं! पण मला एका एजंटने एकच प्लॉट तीन वेळा दाखवला, तिन्ही वेळा सकाळी अकरा वाजता, छान ऊन पडलेलं असताना. चौथ्या वेळी मी न सांगता पावसात गेलो तर प्लॉटच्या मधोमध ओढा वाहत होता.

म्हणून ज्याला कोणाला घ्यायचंय त्याने आधी सगळ्यात वाईट महिन्यात तिथे भाड्याने राहावं आणि संध्याकाळी सातला रस्त्यावरून चालत जाऊन किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजावं. मी अजून काही घेतलेलं नाही. एक घर आवडलंय, शेजारी दोन्हीकडे बारमाही राहणारे आहेत, पण मागच्या भिंतीचं मन मानत नाही, एक पावसाळा अजून बघणार आहे.

आपला,
एक नियमित वाचक