निर्णय कोणी घ्यायचा, हे आधी ठरव

दादर, मुंबई

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस की, कामे वाढली आहेत तर पगारी मॅनेजर ठेवावा की आणखी एक मशीन घ्यावे. त्या वेळी मी उत्तर टाळले, कारण मला अडचण दोन्हींपेक्षा वेगळी दिसते आणि ती फोनवर सांगण्याजोगी नव्हती. आपल्या छापखान्यात माणसे कमी नाहीत, मशीनही अद्याप पुरे पडते. कमी पडतेस ती तू एकटी, आणि तीही एवढ्याचसाठी की प्रत्येक कामाचा शेवटचा होकार तुझ्याकडून यावा लागतो.

गेल्या मंगळवारी मी लोअर परळच्या गाळ्यावर येऊन बसलो होतो. एका दवाखान्याच्या लेटरहेडचे काम मशीनवर चढायचे होते आणि प्लेट तयार होती. ठरलेला नव्वद जीएसएमचा (चौरस मीटरला नव्वद ग्रॅम वजनाचा) कागद मात्र व्यापाऱ्याकडे शिल्लक नव्हता. तो त्याच भावात शंभर जीएसएमचा द्यायला तयार होता. तू त्या वेळी बोरिवलीहून लोकलने निघाली होतीस आणि फोन लागत नव्हता. मशीनमन चिंधीला हात पुसत उभा होता, मदतनीस दोनदा चहा पिऊन आला, आणि तू दादर ओलांडेपर्यंत मशीन बंदच राहिले. त्याच पैशांत जाड कागद मिळतो आहे तर तो घ्यावा, हे तिथल्या सर्वांत नव्या पोरालाही कळत होते. तरी ‘मॅडमना विचारल्याशिवाय नको’ यापुढे कोणी जाईना. त्यांना दोष देऊ नकोस. मागे ऑपरेटरने ग्राहकाच्या सांगण्यावरून एका पत्रिकेचा फॉन्ट बदलला होता, तो दिसतही चांगला होता, परंतु तू सर्वांसमक्ष तो पूर्ववत करायला लावलास. त्या दिवसापासून विचारून करण्यातच शहाणपण आहे, हे सर्वांनी ओळखले.

तू कामे वाटून देत नाहीस असे मी म्हणणार नाही. डिझाइन एकाकडे, छपाई दुसऱ्याकडे, बाइंडिंग तिसऱ्याकडे, वसुलीला चौथा, अशी वाटणी व्यवस्थित आहे. परंतु श्रम वाटले तरी निर्णय सगळे तू आपल्याकडे ठेवले आहेस, आणि त्यामुळे चार माणसांचे काम हलके होण्याऐवजी चार माणसांचे प्रश्न तुझ्या टेबलावर येऊन पडतात. या स्थितीत मॅनेजर ठेवलास तर पाचवा माणूस विचारायला येईल, इतकेच.

आपल्याच धंद्यातला एक दाखला देतो. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी यांचे नाव तू माझ्याकडून अनेकदा ऐकले आहेस. लहानपणीच ते मुंबईतल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. शाळेतले शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही. १८६४ साली त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री, म्हणजे छपाईची अक्षरे ओतण्याचा कारखाना, काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. देवनागरीचा जो सुबक टाइप पुढे निर्णयसागराची ओळख ठरला, तो घडवण्यात हात होता राणोजी रावजी आरू यांचा. संस्कृत ग्रंथांच्या ‘काव्यमाला’ या मालेचे संपादन पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी केले. कोलभाट गल्लीतल्या या छापखान्यातून निघालेल्या पोथ्यांच्या शुद्धतेचा दबदबा काशीपर्यंत होता, आणि मालक स्वतः संस्कृतचे पंडित नव्हते. पाठ कोणता शुद्ध हे शास्त्र्याने ठरवायचे आणि मालकाने त्याच्या निर्णयामागे आपला पैसा व नाव उभे करायचे, ही वाटणी नसती तर तो छापखाना लग्नपत्रिका आणि पंचांगे यांपुढे गेला नसता. (लग्नपत्रिकांना मी कमी लेखत नाही, तुझी फी त्यांतूनच भरली गेली.)

आता प्रत्यक्षात काय करायचे ते लिहितो. दरपत्रक हा तुझा सर्वांत जास्त वेळ खाणारा विषय आहे. व्हिजिटिंग कार्ड, बिलबुके, लेटरहेड यांचे दर कागद, आकार, रंग आणि प्रती यांवरून ठरतात आणि त्यांत तुझ्या प्रतिभेला फारसा वाव नाही. त्यांचा तक्ता करून काउंटरवरच्या मुलीकडे दे, आणि पाच हजार रुपयांपर्यंतच्या कामाचा भाव तिने तुला न विचारता सांगावा, त्यात पाच टक्क्यांपर्यंत सूटही द्यावी, असे लेखी ठरव. एखाद्या गिऱ्हाइकाला तू तीन टक्के दिले असतेस आणि तिने पाच दिले, तर तो फरक गिळायला शीक. कागद बदलण्याचा अधिकार मशीनमनला दे: जीएसएम ठरल्यापेक्षा कमी होणार नसेल, रंगछटा तीच असेल आणि भाव वाढत नसेल तर त्याने विचारू नये, ग्राहकाला कळवावे आणि मशीन चालू करावे.

हे अधिकार केवळ तुमच्यात ठरून भागत नाही, ग्राहकांनाही माहीत असावे लागतात. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २३७ चा आशय असा की, आपल्या माणसाला एखादा अधिकार आहे असा समज मालकाने बोलण्यातून किंवा वागण्यातून तिऱ्हाइताला करून दिला, तर प्रत्यक्षात अधिकार दिलेला नसला तरी त्या माणसाच्या व्यवहाराने मालक बांधला जातो. म्हणून काउंटरवरच्या मुलीने दिलेला भाव मागाहून नाकारण्याचा मोह धरू नकोस, आणि मोठ्या कामांचा भाव फक्त तुझ्या सहीनेच पक्का होतो हे दरपत्रकावरच छापून टाक.

काय आधी सोपवावे याबद्दल तू गोंधळतेस, तेव्हा माझी एक सवय सांगतो. चूक झाली तर किती खर्चात निस्तरता येईल, ते मी पाहत असे. पाचशे व्हिजिटिंग कार्डे चुकली तर रात्रीत पुन्हा छापता येतात. पत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली आणि पत्रिका वाटल्या गेल्या तर ते निस्तरता येत नाही, म्हणून तिथे ग्राहकाची प्रुफावर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, सही हवीच, शिवाय एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने प्रूफ ताडावे. तिथे तुझी उपस्थिती मात्र अत्यावश्यक नाही. वाचणारी दोन माणसे जबाबदार असली म्हणजे पुरे.

गणपती मंडळांची वर्गणीची पावतीपुस्तके हे जोखमीचे काम आहे आणि ते तू अजून कोणाच्याही हाती दिलेले नाहीस, ते मला समजू शकते. पावतीवरचा अनुक्रमांक म्हणजे रोख पैसाच. नंबरिंगच्या पेटीतले आकड्यांचे चाक शाई सुकून अडकले की तोच क्रमांक पुन्हा उमटतो, आणि तो गोंधळ भाद्रपदात मंडळाच्या हिशेबाच्या बैठकीत उघड होतो. हे काम सोपवताना तू बाजूला उभी राहून बाइंडरला करू दे. शंभर पावत्यांच्या पुस्तकाचे पहिले आणि शेवटचे पान पाहायचे, वजाबाकी जुळते का ते पाहायचे, मधली पाने अंगठ्याने भरभर सोडत उजव्या कोपऱ्यातला शेवटचा आकडा शून्यापासून नवापर्यंत फिरतो का हे नजरेने टिपायचे, आणि खराब झालेली पाने फेकून न देता क्रमांकासह वेगळ्या पाकिटात ठेवायची. मोजणी मात्र ज्याने नंबरिंग केले त्याच्याकडून करून घेऊ नकोस, दुसऱ्याकडून करून घे. हा अविश्वास नव्हे. त्याच्यावर उद्या आळ येऊ नये म्हणून केलेली सोय आहे, आणि ती त्याला याच शब्दांत सांग.

पैशांबाबतही तेच. बँकेत एकाने पेमेंट भरायचे आणि दुसऱ्याने मंजूर करायचे, अशी सोय व्यावसायिक खात्यांना मिळते. मंजुरी तू आपल्याकडे ठेव, भरण्याचे काम हिशेबनिसाला दे. सही केलेले कोरे धनादेश मात्र कोणाच्याही ताब्यात ठेवू नकोस, मग तो माणूस कितीही जुना असो. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र हिशेबनिसाने तयार करावे, परंतु २० तारखेच्या दोन दिवस आधी त्यातले आकडे तू वाचावेस, कारण नोटीस येईल ती तुझ्या नावाने.

सर्वांत कठीण भाग यानंतरचा आहे. अधिकार दिल्यावरही माणसे जुन्या सवयीने विचारायला येतील, आणि उत्तर तुला ठाऊक असल्यामुळे ते तोंडावर येईल. त्या वेळी ‘तुला काय वाटते?’ एवढेच विचार आणि थांब. त्याचा मार्ग तुझ्यापेक्षा वेगळा असेल, कधी थोडा लांबचाही असेल. काम वेळेत आणि नीट होणार असेल तर तो मोडू नकोस. चूक झालीच तर एकांतात बोल आणि त्या चुकीचा खर्च पगारातून कापू नकोस. तो कापलास की दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा ‘मॅडमना विचारतो’ वर येतील.

तेव्हा मॅनेजर बाहेरून आणण्याची घाई नको. ऑपरेटर आठ वर्षे आपल्याकडे आहे, ग्राहक त्याला ओळखतात. लेटरहेडपासून अहवालांपर्यंत छपाईचे वेळापत्रक त्याच्याकडे दे, आणि ते देशील त्याच महिन्यापासून पगार वाढव, कारण जबाबदारी आधी आणि पैसे मागाहून हे त्याला पटणार नाही आणि पटूही नये. मशीनचा प्रश्न दिवाळीनंतर पाहू. तोपर्यंत आहे ते मशीन दिवसातून किती वेळ निव्वळ होकाराची वाट पाहत बंद असते, याची नोंद मशीनमनकडून रोज लिहून घे. पावतीपुस्तकांच्या ऑर्डरी आषाढापासून येऊ लागतील, म्हणून बाइंडरचे शिकणे त्याआधी उरकून घे. कागदाच्या व्यापाऱ्याशी मी बोललो आहे. येत्या सोमवारपासून तो मशीनमनचा फोन आला तरी माल देईल.

तुझे,
बाबा