बेल्ट दिला, पण तो अडकवायचा कुठे? कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : उंचीवरच्या कामात फॉल अरेस्टरचा, म्हणजे पडणाऱ्या माणसाला अधांतरी थांबवणाऱ्या उपकरणाचा, सुरक्षित वापर

माननीय मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

एप्रिल लागला की ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आजूबाजूला कारखान्यांच्या छपरांवर माणसं चढलेली दिसतात. पावसाच्या आत पत्रे बदलायचे असतात, गळती बुजवायची असते, पन्हाळी साफ करायच्या असतात. रबाळे, महापे, तुर्भे, तळोजा, इकडे वागळे इस्टेट, सगळीकडे तीच घाई. काम चार-पाच दिवसांचं, ठेकेदार बाहेरचा, माणसं नाक्यावरून आणलेली. पूर्वी यांच्या अंगावर काहीच नसायचं, आता बहुतेकांच्या अंगावर बेल्ट असतो. हा बदल खरा आहे आणि त्यात आपल्या खात्याचाही वाटा आहे. पण त्या बेल्टची दोरी कुठे जाते हे पाहिलं की पोटात गोळा येतो. हूक एकतर कमरेलाच अडकवलेला असतो, नाहीतर पायाखालच्या पर्लिनला, म्हणजे पत्रे ज्यावर टेकतात त्या आडव्या पट्टीला.

मी या पट्ट्यात सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी करते. छप्पर, टँकर, पाइप रॅक, टाकी अशा कामांची परमिटं माझ्या सहीने निघतात. माझं मागणं एकच आहे. सरकारी तपासणी बेल्टपाशी थांबू नये. तो बेल्ट कशाला, किती वर आणि कोणत्या उपकरणाने अडकवला आहे, तिथपर्यंत ती जावी.

हिशेब बघा. नेहमीच्या बेल्टची दोरी २ मीटरची. माणूस पडला की तिच्यातला शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे झटका शोषणारा घडी घातलेला पट्टा, उलगडतो, तो पावणेदोन मीटरपर्यंत लांबू शकतो. पाठीवरच्या रिंगपासून पायांपर्यंत दीड मीटर धरा आणि खाली मीटरभर मोकळी जागा. हूक जिथे अडकवला तिथून खाली सव्वासहा मीटर लागतात. पाच मीटर उंचीच्या जुन्या शेडवर पायाजवळ हूक लावून कोणी पडला, तर दोरी त्याला थांबवायच्या आधी तो जमिनीला लागतो. टँकरच्या माथ्यावर तर आणखी वाईट. माथा जमिनीपासून साधारण साडेतीन मीटर. तिथे पायाजवळ हूक लावला, तर दोरी ताणली जाते त्याच क्षणी पाय जमिनीवर आदळतात. बेल्टने तोवर काहीही केलेलं नसतं.

अशा कमी उंचीसाठीच रिट्रॅक्टेबल फॉल अरेस्टर आहे. डोक्यावर टांगायची एक डबी, तिच्यात ड्रम, ड्रमवर पोलादी तार किंवा पट्टा, आणि तो गुंडाळणारी स्प्रिंग. माणूस पुढे गेला की तार सुटते, मागे आला की आत जाते, ढील राहत नाही. तार सुटण्याचा वेग सेकंदाला साधारण दीड मीटरच्या वर गेला की आतले खटके बाहेर फेकले जातात आणि ड्रम जागेवर अडकतो, गाडीच्या सीटबेल्टसारखा. पडणारा माणूस हा वेग वीतभर खाली यायच्या आतच गाठतो. अमेरिकेच्या २०२१ च्या मानकात, डोक्यावर टांगायच्या वर्ग १ च्या उपकरणाने माणसाला ४२ इंचांत थांबवलं पाहिजे. युरोपच्या ईएन ३६० मध्ये हे अंतर २ मीटरच्या आत आणि शरीराला बसणारा झटका ६ किलोन्यूटनच्या आत हवा. सव्वासहा मीटरच्या तुलनेत हे किती कमी आहे ते आपल्या लक्षात येईल.

मोठ्या कारखान्यांत ही उपकरणं आली आहेत आणि आणखी येतील, ही चांगलीच गोष्ट आहे. मला काळजी वाटते ती, खरेदी झाली म्हणजे काम झालं या समजुतीची. या पट्ट्यातल्याच एका कारखान्यात टँकर भरायच्या गॅन्ट्रीवर (टँकरच्या वर उभ्या केलेल्या लोखंडी सांगाड्यावर) उत्तम प्रतीचा अरेस्टर टांगलेला मी पाहिला. रजिस्टरमध्ये तो ‘उपलब्ध’ होता. पण हूक खाली ओढून घ्यायची बारीक दोरी तुटली होती, त्यामुळे हूक माणसाच्या हाताला लागणार नाही इतका वर राहिला होता. झाकण उघडायला चढलेला हेल्पर बेल्ट घालून, हूक न लावता टँकरच्या ओल्या माथ्यावर वाकला होता. दहा-वीस रुपयांच्या दोरीसाठी ते सगळं उपकरण निकामी झालं होतं. कोणत्याही कागदी तपासणीत हे सापडणार नाही. तिथे उभं राहून वर बघावं लागतं.

सगळ्यात जास्त चुकतं ते अँकरच्या, म्हणजे उपकरण किंवा हूक ज्याला अडकवतात त्या आधाराच्या, जागेत. अँकर डोक्याच्या सरळ वर हवा. समजा तो ४ मीटर वर आहे आणि माणूस काम करत करत बाजूला ४ मीटर सरकला. आता साडेपाच मीटरहून जास्त तार बाहेर आहे. तो घसरला की झोका घेत थेट अँकरच्या खाली येतो आणि त्या प्रवासात दीड मीटरहून अधिक खाली उतरतो. वाटेत खांब, पाइप रॅक, मशीन जे असेल त्यावर तेवढ्या उंचीवरून पडल्याच्या वेगाने आपटतो. तारेने आपलं काम केलेलं असतं, तरी बरगड्या मोडतात, डोकं फुटतं. उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांच्या पलीकडे जाऊ नये असं म्हणतात ते यासाठी. ४ मीटर उंचीवर ते सव्वादोन-अडीच मीटर होतं. त्याहून लांब जायचं असेल तर अँकर माणसाबरोबर सरकला पाहिजे, म्हणजे वर रेल आणि ट्रॉली हवी.

अँकरच्या ताकदीचंही तेच. अमेरिकेच्या नियमात साधारणपणे प्रत्येक माणसामागे ५,००० पौंड, म्हणजे सव्वादोन टनांहून थोडा जास्त भार पेलणारा अँकर लागतो. केबल ट्रे, पाण्याचा पाइप, हँडरेल यातलं काही तेवढं पेलेल का? तरी हूक तिथेच दिसतात, कारण दुसरं काही हाताशी ठेवलेलंच नसतं. त्या कामगाराला दोष देणं मला मान्य नाही.

घोडबंदर रोडच्या टॉवरांवर वेगळाच प्रश्न. तिथे वर काहीच नसतं, नुकता ओतलेला स्लॅब हाच सगळ्यात उंच. मग अरेस्टर पायाजवळ बांधतात आणि तार स्लॅबच्या कडेवरून जाते. साधा अरेस्टर यासाठी बनवलेला नाही. पडताना बारीक तार काँक्रीटच्या किंवा पत्र्याच्या कडेवर घासून तुटू शकते, आणि पायाजवळच्या अँकरमुळे माणूस जास्त अंतर पडून जास्त जोराचा झटका खातो. कडेवर वापरण्यासाठी वेगळा प्रकार मिळतो, त्यात हुकाच्या बाजूला शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतो आणि तो कडेवर घासून तपासलेला असतो. दोन्ही डब्या लांबून सारख्याच दिसतात. लेबल वाचायला शिकवलं नाही तर मुकादम कोणतीही उचलून देणार.

आणि काही ठिकाणी अरेस्टर अडकतच नाही. पावडरच्या हॉपरमध्ये (माल साठवायच्या नरसाळ्यासारख्या टाकीत) माणूस हळूहळू रुततो, उतरत्या छपरावर संथपणे घसरतो, तेव्हा खटके सुटायला लागतो तेवढा वेग येतच नाही आणि तार नुसती सुटत राहते. हॉपरमधल्या कामाला अरेस्टर दिला की आपण काळजी घेतली असं समजणारे सुपरवायझर मला भेटले आहेत.

रोजची निगा फार नाही, पण ती करावी लागते. चढायच्या आधी तार झटका देऊन ओढून बघायची, अडकली पाहिजे. पूर्ण बाहेर काढून तुटके धागे, गंज, पिळा बघायचा. सोडताना हातात धरून आत जाऊ द्यायची, मोकळी सोडली की ती सपकन आत जाते आणि स्प्रिंग बिघडते. रात्रभर बाहेर ताणून ठेवायची नाही. वेल्डिंगच्या ठिणग्या पडतात तिथे पट्ट्याचा प्रकार वापरायचा नाही. उत्पादकाने सांगितल्याशिवाय अरेस्टरला आणखी एक शॉक अ‍ॅब्सॉर्बरची दोरी जोडायची नाही. एका उपकरणावर एकच माणूस. आणि एकदा कोणी त्यावर पडला की ते काढून बाजूला ठेवायचं, अधिकृत तपासणी होईपर्यंत हात लावायचा नाही. खाडीची खारट हवा आणि तळोज्याची रसायनं यांत तार किती लवकर खराब होते हे इथे काम करणारा कोणीही सांगेल.

पडलेला माणूस लटकलेला असतो तेव्हा काय करायचं, हे तर जवळपास कुठेच लिहिलेलं नसतं. बेल्टचे पट्टे मांड्यांवर आवळतात, रक्त पायांत साचतं आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते, जीवही जाऊ शकतो. ठाणे-बेलापूर रस्त्याची संध्याकाळची कोंडी आपण पाहिली असेलच, तेव्हा अग्निशमन दलाची वाट बघणं ही योजना होऊ शकत नाही. त्याला खाली घ्यायची शिडी, दोरी आणि माणसं त्याच जागी, काम सुरू व्हायच्या आधी तयार हवीत.

१० सप्टेंबर २०२३ रोजी बाळकुमला चाळीस मजली इमारतीची लिफ्ट कोसळली आणि ७ कामगार गेले, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. छपरावरून एकटा पडणारा माणूस मात्र बातमीत दोन ओळींपुरता येतो. कायद्याला तो दिसतो. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ ने पडण्याचा धोका असेल तिथे कुंपण किंवा अन्य व्यवस्था करायला सांगितलं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने दुरुस्ती आणि देखभालीलाही बांधकाम मानलं, पण जिथे कारखाना अधिनियम लागू होतो ते काम वगळलं. त्यामुळे चालू कारखान्याच्या छपरावर चढलेला नाक्यावरचा मजूर नेमका कोणाचा, यावर मालक आणि ठेकेदार एकमेकांकडे बोट दाखवतात. त्यात छोट्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारीही नसतो. १९४८ च्या कायद्यात त्याची सक्ती १,००० कामगारांपासून होती, जुन्या कायद्यांच्या जागी आलेल्या नव्या श्रमसंहितेत ५०० पासून आणि धोकादायक उद्योगांत २५० पासून आहे. आमच्या पट्ट्यातले बहुतेक गाळे या आकड्यांच्या जवळपासही नाहीत.

श्रमसंहिता आता लागू झाल्या आहेत आणि तपशिलाचे नियम करणं राज्याच्या हातात आहे. त्या नियमांत अँकर, उपकरणाची ठरावीक मुदतीची तपासणी आणि सुटकेची तयारी यांचा स्पष्ट उल्लेख व्हावा. कामगार कोणाचाही असो, ज्याचं छप्पर त्याची जबाबदारी, असं त्यात लिहिलं जावं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तपासणीत ‘बेल्ट आहे का’ यापुढे ‘अँकर कुठे आहे, दाखवा’ हा प्रश्न यावा. एमआयडीसी आपल्या क्षेत्रात बांधकाम परवानगी स्वतः देते. नव्या शेडच्या नकाशात छपरावरचे कायमचे अँकर दाखवणं बंधनकारक करता येईल का, हे आपण उद्योग खात्याशी बोलून पाहावं.

छोट्या ठेकेदाराला चार दिवसांच्या कामासाठी महागडा अरेस्टर घेणं परवडत नाही, हे मला मान्य आहे. बांधकाम कामगार मंडळ सुरक्षा संचात हार्नेस, म्हणजे हाच बेल्ट, देतं, आणि बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर जमा होतो. त्या निधीतून किंवा औद्योगिक संघटनांच्या मदतीने रबाळे, तळोजा आणि वागळे इस्टेटमध्ये एकेक उपकरण केंद्र काढता येईल. तिथून तपासलेला अरेस्टर रोजच्या भाड्याने मिळावा, आणि देताना अर्धा तास वापर शिकवावा, मराठीत आणि हिंदीत. शिकवणारे शोधायला लांब जायला नको, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय आमच्याच सीबीडी बेलापूरला आहे.

एवढं सगळं एका हंगामात होणार नाही. पण येत्या एप्रिल-मे महिन्यांत ठाणे आणि नवी मुंबईतल्या निरीक्षकांनी फक्त छपरांची आणि टँकर गॅन्ट्रींची तपासणी मोहीम घ्यावी, एवढा आदेश आपण आत्ताच काढू शकता. कुठे काय बघायचं हे दाखवायला माझ्यासारखे अनेक सुरक्षा अधिकारी सुट्टीच्या दिवशीही यायला तयार आहेत. तारीख कळवावी.

आपली विश्वासू,
एक सुरक्षा अधिकारी
महापे, नवी मुंबई