हिशेब लावून बघितला, अण्णा

तीर्थरूप आई आणि अण्णा,

शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायला तीनदा नंबर लावला. तिन्ही वेळा आईनं पहिलंच ‘जेवलीस का’ विचारलं आणि माझ्याच्यानं पुढं बोलवलं नाही. म्हणून लिहितेय. पूर्ण वाचून होईपर्यंत दादाला फोन लावू नका.

मी राज्यसेवेचा अभ्यास थांबवलाय. पुढचा फॉर्म भरणार नाही. पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या एका पॅकहाऊसमध्ये गुणवत्ता तपासणीची नोकरी मिळालीय, २ जानेवारीला हजर व्हायचंय. येते म्हणून कळवूनही टाकलं. तुम्हाला न विचारता कळवलं, ते मनाला लागून राहिलंय.

अण्णा, तुम्ही म्हणाल वय बसतंय, खुल्याला ३८ पर्यंत मुभा आहे. आहे, मला ठाऊक आहे. मुलाखतीत गेलं म्हणून रडून-चिडून हे ठरवलेलं नाही. तुमच्याच पद्धतीनं ठरवलंय.

मी चौथीत असताना तुमचा डबा घेऊन आगारात यायचे, आठवतं? तुम्ही बाकावर पाय दुमडून बसलेले, शेजारी चामडी पिशवी, समोर पत्र्याचा तिकिटांचा ट्रे. सुट्ट्या नाण्यांच्या चळती लावायचा आणि मला मोजायला द्यायचा. प्रत्येक दराच्या तिकिटाचा सुरुवातीचा नंबर, शेवटचा नंबर, वेबिलावरचा, त्या फेरीच्या हिशेबाच्या कागदावरचा, आकडा. एकदा साडेसात रुपये कमी भरले. डबा निवून गेला, पण जुळेपर्यंत तुम्ही हात धुतले नाहीत. शेवटी खिशातले घातले आणि कुठल्या टप्प्यावर चुकलं असेल ते मला समजावून सांगितलं. “आजचं आज बघितलं की चूक सापडते, उद्या नुसता मनस्ताप उरतो.”

पुण्यात पाच वर्षं मी तेच केलं. सराव पेपर सोडवला की चुकलेला प्रत्येक प्रश्न त्याच रात्री वहीत, आणि पुढं एकच शब्द: माहीत नव्हतं, गोंधळ, घाई किंवा अंदाज. पहिल्या वर्षी पानंच्या पानं ‘घाई’नं भरली. ‘कोणते विधान बरोबर नाही’ असं विचारलेलं असायचं आणि मी बरोबर विधान शोधत बसायचे. मग त्या ‘नाही’खाली पेन्सिलीनं रेघ मारायची सवय लावली. एवढ्याशा रेघेनं मी मुलाखतीपर्यंत गेले, असं मला खरंच वाटतं. अभ्यासिकेत माझ्याहून हुशार मुलं होती, चौदा-चौदा तास बसणारी. पण आपलं नेमकं कुठं चुकतं हे बघायची तयारी फार थोड्यांची होती. ते बघताना त्रास होतो, अण्णा. तुम्ही रोज कसं करत होता?

नोव्हेंबरात सगळ्या वह्या मांडून बसले. दोनदा पूर्वपरीक्षेतच अडकले, दोनदा मुख्यमध्ये, एकदा मुलाखतीत. २०२५च्या परीक्षेपासून मुख्य वर्णनात्मक झाली, नऊ पेपर, १७५० गुण. म्हणजे लिखाणाची तयारी पहिल्यापासून, आणखी दोन वर्षं. दादा म्हणतो निदान तलाठी हो. २०२३च्या भरतीला ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर. तरी कष्टाला मी भ्याले नाही. स्वतःला विचारलं, हे पद मला अजून हवंय, की पाच वर्षं घातली म्हणून सोडवत नाही? उत्तर आलं, सोडवत नाही म्हणून. ते लिहूनही ठेवलं.

आणि आई, तू बेदाण्याच्या शेडवर बसायचीस तेव्हा मी तुझ्या हाताकडं बघत बसायचे. खराब मणी दिसला की अंगठ्यानं बाजूला, नजर लगेच पुढच्यावर. हातात घेऊन बसायचीच नाहीस. मला ते शिकायला एकोणतीस वर्षं लागली. तुझ्या पाटल्यांचं मी विसरलेले नाही. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही, रडू येतं.

काम माझ्या शिक्षणाचंच आहे. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचे दोन थेंब टाकून उजेडाकडं धरायचं, साखर बघायची, मण्याची जाडी मोजायची, सगळं नोंदवायचं. निर्यातीच्या बागेची नोंद ग्रेपनेट नावाच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत असते, पेटीवरून ती कुठल्या बागेतली हे सापडतं. अण्णा, हे तुमचं वेबिलच आहे, तुम्हाला बघायला आवडेल.

खोली पाहून आलेय. सोबत कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातली माझीच मैत्रीण आहे. घरमालकीणबाई खालीच राहतात, सोलरचं गरम पाणी आहे, डबा शाकाहारी आणि भाकरी मिळते. पॅकहाऊसची गाडी दारातून नेते आणि सोडते. हंगामात रात्री उशीर होईल, पण बायकांना एकत्रच सोडतात, मी विचारून घेतलंय. लग्नाला मी नाही म्हणत नाही. फक्त एप्रिलपर्यंत हंगाम होऊ दे, मग तुम्ही म्हणाल ते स्थळ बघू.

आता माझं ऐका. अण्णा, बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नाही. मिरजेचे ते दोन दिवस मला पुन्हा नकोत. कॅलेंडरवर रोज गोळी घेतली की खूण करा, मी आले की तपासणार आहे. टाकी बघायला शिडीवर चढायचं नाही, शेजारच्या पोराला सांगा. आई, गुडघ्याचं तेल कपाटात ठेवून दुखणं थांबत नाही. आणि पुण्याला पाठवायचे ते नऊ हजार या महिन्यापासून बंद. त्यातून आधी तुझा चष्मा.

लोक विचारतील पोरीचं काय झालं. नोकरीला लागली म्हणा. खरंच आहे ते. तुम्हाला खाली बघावं लागेल असं मी काही केलेलं नाही, एवढा विश्वास ठेवा.

२७ तारखेला रात्रीच्या गाडीनं येतेय, चार दिवस राहीन. पहाटे तासगावला उतरेन. अण्णा, थंडी आहे, स्टँडवर यायचं नाही, मी रिक्षा करीन.

आलातच तर मफलर गुंडाळून या.

तुमची लेक