जाम पुली घणाने काढून सदोष नवी पुली बसवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख,
ट्रॅक्टर कंपनीचे मुख्य कार्यालय

विषय: क्रँक पुलीचे चुकीचे काम आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय,

माझा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर 1991 सालचा, वडिलांनी घेतलेला. आजवर इंजिन दोनदा उघडलं, दोन्ही वेळा तुमचेच अस्सल स्पेअर घालून. म्हणून "जुनी गाडी, काय ना काय निघणारच" हे तुमच्या बेळगावच्या अधिकृत वर्कशॉपचं उत्तर मला मान्य नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात फॅन बेल्ट घसरून पाणी उकळायला लागलं. क्रँक पुली म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या पुढच्या टोकावरची, बेल्ट फिरवणारी पुली; तिची खाच झिजून बेल्ट तळाला टेकत होता. व्ही बेल्ट धरतो तो कडांना, तळाला टेकला की कितीही ताणा, घसरणारच. पुली बदलायची हे तुमच्या माणसाचं निदान बरोबर होतं.

पण तीस वर्षं शाफ्टवर बसलेली पुली गंजून चिकटली होती. रेडिएटर उतरवल्यावर त्यानं पुली ओढून काढायचा तीन पायांचा पुलर सरळ पुलीच्या काठाला लावला. मी म्हटलं, "पुलीच्या मधल्या हबला आटे पाडलेली दोन भोकं आहेत की वो, त्यात बोल्ट घालून ओढा. आधी रात्रभर डिझेल मुरू दे." उत्तर आलं, "काका, तुमी चहा घेऊन या." चहा घेऊन आलो तोवर बिडाच्या काठाचा तुकडा खाली पडला होता आणि घण सुरू झाला होता.

जुनी पुली भंगारातच जाणार होती, तिचं दुःख नाही. दुःख घणाचं आहे. क्रँकच्या नाकावर, म्हणजे शाफ्टच्या पुढच्या टोकावर, बसलेला प्रत्येक घाव आत थ्रस्ट वॉशरवर जातो, म्हणजे क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्यांवर.

नवी पुलीही घणानंच ठोकून बसवली. 35 मिमीचं भोक 150 अंशांनी जास्त तापवलं की जेमतेम 5 शतांश मिमी वाढतं, पण तेवढ्यावर पुली हातानं सरकते. पुली तापवायला गरम तेलाचा डबा नव्हता म्हणे.

अकरा तास चालवल्यावर पुढच्या ऑईल सीलमधून तेल गळायला लागलं. रोहिणीची धूळवाफ पेरणी तोंडावर होती, मग 8 तास भाड्याचा ट्रॅक्टर लावला, तासाला 1,200 रुपयांनी. नंतर आमच्या गावच्या मिस्त्रींनी ब्लो लॅम्पनं हब तापवला, त्याच दोन भोकांत बोल्ट घातले आणि अर्ध्या तासात तुमची नवी पुली सोडवली. पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून दोघांच्या खाचेत चावी म्हणजे लोखंडी पट्टी बसते; तिचा वरचा भाग घासून चकाकत होता. माप घ्यायला व्हर्नियर लावला तर पुलीतला चावीचा गाळा, म्हणजे चावीची खाच, पाऊण मिमी उथळ. चावी वर टेकल्यामुळे पुली नीट मध्यावर बसलीच नव्हती, लंगडत फिरत होती, आणि तिनं सीलचा ओठ खाल्ला. उद्यमबागेत इतक्या फाउंड्री आणि मशीन शॉप असलेल्या शहरात असा गाळा कोणी तपासल्याशिवाय सोडत नाही. तुमच्या पेटीवर मात्र तपासणीचा शिक्का आहे!

वर्कशॉपनं वॉरंटी नाकारली, कारण पुली "बाहेरच्या मिस्त्रीनं काढली". त्याआधी दोनदा फोन केला होता, माणूस आला नाही. वर बिलात "जाम पुली, जादा मजुरी" म्हणून 1,400 रुपये लावले आहेत. म्हणजे घण मारायचेही पैसे आम्हीच द्यायचे.

माझी मागणी अशी: मापात बसणारी पुली, चावी आणि सील मोफत मिळावं. डायल गेज लावून क्रँकचा पुढे-मागे खेळ किती आहे ते लेखी द्यावं, आणि तो मर्यादेबाहेर असेल तर थ्रस्ट वॉशर तुम्हीच बदलावेत. 1,400 रुपये आणि भाड्याचे 9,600 रुपये परत मिळावेत. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही हेही विचारून ठेवलंय.

सोबत बिल, पुलीच्या गाळ्याचे आणि घासलेल्या चावीचे फोटो जोडले आहेत. पुली माझ्याकडेच आहे, मोजायला कधीही या. येताना व्हर्नियर आणा, घण नको.

आपला,
एक शेतकरी ग्राहक
येळ्ळूर, ता. जि. बेळगाव