फोन करून मोकळे होऊ नका

संपादक महोदय,

पावसाने जोर धरला की रस्त्यावरच्या कुत्र्यामांजरांच्या जखमांत अळ्या पडतात आणि प्राण्यांच्या निवाऱ्यातला फोन दिवसभर वाजत राहतो. "आमच्या गल्लीत एक कुत्रा पडलाय, घेऊन जा." कुठली गल्ली, जवळ कोण थांबलंय, हे विचारेपर्यंत फोन बंद. गाडी ट्रॅफिकमधून वाट काढत सायनला पोचते, तर तिथे ना कुत्रा ना फोन करणारा. सर आली म्हणून ते जनावर कुठल्यातरी टेम्पोखाली सरकलेले असते. शोधाशोध करून गाडी रिकामी परत येते. तोवर दुसरीकडे खरोखर वाट पाहत थांबलेला एखादा माणूस संस्थेच्या नावाने खडे फोडत असतो, आणि त्याचेही काही चूक नसते.

मी महापालिकेच्या इस्पितळातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. नोकरी परळला, त्यामुळे बैलघोड्याचे हॉस्पिटल, म्हणजे तिथले प्राण्यांचे इस्पितळ, रोजच्या वाटेवरचे. आता घराजवळच्या एका छोट्या निवाऱ्यात ड्रेसिंगला जाते. ओळखीचे विचारतात, "आम्ही काय मदत करू?" बहुतेकांच्या डोक्यात चेक नाहीतर बिस्किटांचा खोका असतो. पैसे लागतातच, नाही कोण म्हणतो? पण मी जे पाहते त्यात सगळ्यात मोठी टंचाई आहे ती जनावरापाशी थांबणाऱ्या माणसाची.

थांबणाऱ्याला फार काही करावे लागत नाही. फोटो काढून पाठवावा, दुकानाच्या पाटीसारखी नेमकी खूण सांगावी, बघ्यांची गर्दी हटवावी, जमल्यास वर छत्री धरावी. दूध-बिस्किटे देऊ नयेत. भूल द्यायची वेळ आली तर भरलेले पोट अडचणीचे ठरते. दुखावलेला कुत्रा रोज खाऊ घालणाऱ्यालाही चावतो, म्हणून उगाच गोंजारायला जाऊ नये. चावलाच किंवा नख लागले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठायचे. हळद नको, चुना तर मुळीच नको. रेबीज झाल्यावर जवळजवळ कोणी वाचत नाही, हे नोकरीत डोळ्यांनी पाहिले आहे.

मागच्या आठवड्यात आलेल्या एका काळ्या कुत्रीच्या कानामागे बाहेरून दिसायला रुपयाएवढे भोक होते. केस कापले तेव्हा कळले, आत मानेपर्यंत पोकळ झाले होते. तोंडाला बँडेजची पट्टी बांधून एकाने धरायचे, दुसऱ्याने चिमट्याने एकेक अळी काढायची. औषध सोडले की आतल्या अळ्या वर येतात, पुन्हा काढायच्या. तो वास साबणाने जात नाही. हे काम एका बैठकीत संपत नाही, रोज करावे लागते. तिला कोणी आणले? नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याने, स्वतः टॅक्सीचे भाडे भरून. दर दोन दिवसांनी येऊन बघूनही जातो. असे चार इस्त्रीवाले प्रत्येक वॉर्डात असते तर निवाऱ्याचे निम्मे काम हलके झाले असते.

बरे झालेले जनावर परत सोडताना तर खरी परीक्षा. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लस झालेला कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा असतो. (शाळा, इस्पितळे, रेल्वे स्थानके यांच्या आवारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगळा आदेश दिला, ती गोष्ट निराळी.) गाडी गेटपाशी आली की सोसायटीचे सेक्रेटरी हजर. "नेलात ना? आता पुन्हा इथे कशाला?" नसबंदी झाल्याची खूण म्हणून केलेली त्याच्या कानाची खाच दाखवा, लसीचा कागद दाखवा, ते मागे हटत नाहीत. अशा वेळी त्याच इमारतीतले कोणी खाली उतरून "याला मी ओळखते, याला लस दिलेली आहे" एवढे म्हणाले तर वाद दोन मिनिटांत मिटतो. निवाऱ्याच्या माणसाचे ते ऐकत नाहीत, शेजाऱ्याचे ऐकतात. आणि न सोडलेला प्रत्येक कुत्रा एक पिंजरा अडवून बसतो. उद्याच्या जखमीला मग जागा कुठून आणायची?

वस्तूंचे म्हणाल तर सर्वात जास्त खपते ती रद्दी. पिंजऱ्यात अंथरायला, घाण उचलायला वर्तमानपत्रासारखे दुसरे काही नाही. आपल्या पुरवण्यांचा गुळगुळीत कागद मात्र चालत नाही, त्यात ओल शोषली जात नाही. राग नसावा. जुन्या चादरी, टॉवेल, सुती साड्या हव्यातच. उश्या आणि गाद्या नकोत, कुत्री त्यातला कापूस उपसून खातात. वाढदिवसाला मुलांना घेऊन येणारी मंडळी क्रीमची बिस्किटे वाटतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी जुलाब आम्ही निस्तरतो. आधी फोन करून काय संपले आहे ते विचारा. कधी तांदूळ असतो, कधी हातमोजे, कधी नुसते फिनेल. पैसे द्याल तर एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी द्या, पगार आणि औषधे दरमहाच लागतात. पावती मागा. मोबाइलवर फिरणाऱ्या कुठल्याही क्यूआर कोडवर पैसे टाकण्याआधी संस्था एकदा डोळ्यांनी पाहून या.

हाताने काम करायचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारून रेबीजची प्रतिबंधक लस घ्या आणि पावसाळ्यात गमबूट घाला, साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोच्या तापाचे ते दिवस असतात. ज्यांना रक्त बघवत नाही त्यांनी मांजराची पिल्ले घरी सांभाळावीत. डोळे न उघडलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते. तेही गाईचे दूध नव्हे, पिल्लांसाठीचे वेगळे मिळते ते. निवाऱ्यात रात्री एकच माणूस असतो, त्याच्याने ते होत नाही. ज्या घरात आजी-आजोबा तसेही पहाटेपासून जागे असतात तिथे हे उत्तम जमते, असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट मुंबईतल्या सगळ्याच सोसायट्यांना लागू आहे. आमची इमारत पुनर्विकासाला जाते आहे. करारात भाडे आहे, बिल्डरकडून मिळायचा कॉर्पस फंड आहे, पार्किंगची पाने आहेत. गेटवर कित्येक वर्षे राहणाऱ्या दोन कुत्र्यांचे आणि जिन्याखालच्या मांजरीचे काय, याची एक ओळ नाही. इमारतीभोवती पत्रे ठोकले गेले की ही जनावरे तिथेच घुटमळतात, मग रस्त्यावर येतात, मग गाडीखाली येतात, आणि शेवटी फोन निवाऱ्यालाच जातो. मी कमिटीला लेखी अर्ज दिला आहे: घरे रिकामी करण्याआधी तिघांची नसबंदी आणि लसीकरण करून घ्यावे, आणि बाजूच्या सोसायटीशी बोलून त्यांच्या खाण्याची जागा आत्ताच ठरवावी. खर्चाला मी वर्गणी काढते म्हटले आहे. अर्ज पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे, पार्किंगच्या नंतर. पार्किंगचा विषय आमच्याकडे एका सभेत कधी संपलेला नाही, तेव्हा मी डबा घेऊनच जाणार आहे.

— एक निवृत्त परिचारिका, दादर